दादाच्या अलीकडे

सोमवार
नोकरी लागली! खिडकीजवळची खुर्ची, फुकटची कॉफी. काम म्हणजे लोकांच्या वंशावळी डेटाबेसात बसवायच्या. झाड, पण ठेवायचं सपाट टेबलात. मॅडमनी युक्ती सांगितली: प्रत्येकाला दोन आकडे, डावा आणि उजवा. घराच्या दोन भिंतीच समज. लेकरं आईच्या भिंतींच्या आत, थोरलं डावीकडे, धाकटं उजवीकडे. एखाद्याचं अख्खं गोत हवं तर एवढंच विचारायचं, या भिंतींच्या मधे कोण कोण? कुणाला हलवलं तर दोन्ही आकडे बदलायचे. अर्धवट सोडायचं नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं.
सगळ्यांनी विचारलं, तू त्याचा भाऊ ना? दादा इथे साहेब आहे. हो बाबा, त्याचाच.

मंगळवार
सरावाला आमचंच घर भरलं. आई, तिच्या आत दादा, मग मी. इथेही मागेच. शर्ट त्याचे उतरलेले, सायकल त्याची, नोकरीसुद्धा त्याच्याच शब्दावर. गंमत म्हणून स्वतःला त्याच्या अलीकडे, डाव्या बाजूला नेलं.
घरी आईने ताट आधी मला वाढलं. दादाला म्हणाली, "थांब जरा, थोरल्याचं होऊ दे."
दादाने आपलं ताट मागे घेतलं. अंगात माझा जुना शर्ट.

गुरुवार
दादाची केबिन आता माझी. पण आई जेवताना त्याच्याच पाठीवरून हात फिरवते. धाकटा ना! मला म्हणे, तू मोठा, तू समजून घे. म्हणजे कुठेही बसवा, लोणी त्यालाच.
त्याला आईच्या भिंतीबाहेर काढायला घेतलं, पार डावीकडे. डावा आकडा बदलला, तेवढ्यात मॅडमनी हाक मारली.

शुक्रवार
घरी काहीतरी बिनसलंय. माझ्या खोलीचं दार दादाच्या खोलीत उघडतं. आईचंही. स्वयंपाकघरात जायला ती त्याला विचारते, "जाऊ का रे?"
आता घरही त्याचंच?

शनिवार, दुपार
बस झालं. घरूनच डेटाबेसला हुकूम दिला: दादाच्या दोन भिंतींमधलं सगळं पुस. तसा तो एकटाच. ना बायको, ना पोर.
डावीकडून पुसतंय. पहिली ओळ गेली. त्याची खुर्ची रिकामी —
दुसरी? दुसरी कशी —
आई आतून मला हाक मारत होती. अर्धीच हाक —
उजवा आकडा. तो बदलायचा राहिला. डावी भिंत आईच्या पलीकडे, उजवी तिथेच — आम्ही दोघं त्याच्या आत —
थांबत नाहीये —
त्याच्या मागेच राहिलो असतो, उजवीकडे, तर भिंतीबाहेर —
दादा, मी तुझा धाक