माझा सरळ बांध

सोमवार, ३ जून
सगळ्यात आधी टपकलं कोण? धाकटी जाऊ! इकडे चहाचं आधण ठेवलं की हिला तिकडे वास. तिच्या मागून शेती ऑफिसच्या मॅडम. म्हणाल्या, आजी, तुमच्या उतारावरची माती दर पावसात वाहून चाललीय. वीतभर उरलीय, ती गेली की नुसता खडक. उताराला आडवा बांध घाला, सगळीकडे एकाच लेव्हलला. मग पाणी भरलेला पाइप धरून खुंट्या ठोकल्या. आमच्या शेतात, आणि खाली लागून असलेल्या या धाकट्या जावेच्या शेतातही. पोर गोड आहे. वाळलेली फार.

बुधवार, ५ जून
खुंट्या पाहिल्या. अगंबाई, ही रेघ की सापाची चाल! सगळ्या उपटल्या, दोरी ताणून सरळ आखलं. सून म्हणाली, अहो आई, ते लेव्हल मोजून लावलंय. म्हटलं, कपड्यांची दोरी मी जन्मभर नजरेनंच बांधली, एक पदर मातीला टेकला नाही. जाऊ मात्र खुंट्यांवरूनच बांध घालतेय. स्वतःचं डोकं हिला होतं कधी?

रविवार, ९ जून
बांध झाला! भांग पाडल्यासारखा सरळ. येणारा-जाणारा थांबून बघतो. वर गवत लावायचं राहिलंय. उद्या नक्की.

मंगळवार, ११ जून
गवत नाही लावलं. गुडघा. शिवाय गवत लागतं कच्च्या बांधाला.

शुक्रवार, १४ जून, संध्याकाळ
धो धो पाऊस. पाणी बांधाच्या कडेकडेने पळत सखल कोपऱ्यात साठलं. म्हणजे अडवलं की नाही! मुलगा म्हणतो, आई, तिथेच फुटेल. बापावर गेलाय, घाबरट.

शनिवार, १५ जून
फुटला. तिथेच. लोंढ्याबरोबर माती गेली, शेतभर खडकाची टेंगळं. मुलगा भरल्या ताटावरून उठला. आता पेरू कशात, एवढंच म्हणाला. मी त्याचं ताट झाकून ठेवलं.
माती सगळी जावेच्या वाकड्या बांधाशी अडकलीय, लोण्यासारखी. ती येऊन म्हणाली, ताई, माती काही उचलून देता यायची नाही, पण यंदा माझ्यात मिळून पेरू. मी म्हणणार होते बघू. मुलगा आधीच हो म्हणाला.

सोमवार, १७ जून
मॅडम फोटो काढायला आल्या. मी पदर सारखा करून बांधाशी उभी राहिले. म्हणाल्या, आजी, जरा बाजूला, भगदाड दिसू दे. गाडीभर शेतकरी घेऊन परत येणार आहेत. आधी आमचा बांध दाखवणार, कसा घालू नये म्हणून. मग जावेचा.
गुरुवारी येतायत.