झाकणावरची सही

३ फेब्रुवारी
बारापैकी अकरा फरश्या पुन्हा तडकल्या! फुटक्या बाटल्यांची काच मी स्वतः कुटली, मैद्यासारखी चाळली. काच सात भाग, माती तीन. भट्टी नऊशे चाळीस अंशांवर दोन तास, मग निवायला पूर्ण एक दिवस. कुठे काही चुकलं नाही. फक्त मागच्या कोपऱ्यातली अखंड — वाजवली तर घंटेसारखी खणखणते.

हिचा भाऊ इंजिनिअर. कारखान्याच्या अंगणात माझ्या फरश्या बसवायच्या की नाही, ते त्याच्या हातात. म्हणाला, "भावोजी, एक चांगली निघाली ती नशिबाची. बारा निघाल्या तर तुमच्या. वीस तारखेला आणा." वर हसला! पुस्तकं मीही वाचलीत — फक्त परीक्षेला बसलो नाही.

७ फेब्रुवारी
पुन्हा अकरा. वही तपासली. भट्टी निवताना दर अर्ध्या तासाला झरोक्याची वीट काढून आत पाहिलंय, वेळेसकट लिहिलंय. इतकं लक्ष कोण ठेवतं? म्हणजे माझी पाठ वळली की कुणीतरी झाकण उघडतं. घरात दुसरं आहे कोण? हिला विचारलं.

"मला काय त्यात तुमचं डोकं भाजायचंय?"

झाकणावर कागद चिकटवला, त्यावर सही केली. तिने पाहिलं.

८ फेब्रुवारी
ही भावाकडे गेली. "आता पकडा चोर!"

१२ फेब्रुवारी
घरात मी एकटा. कागद जसाच्या तसा. अकरा तडकल्या.

म्हणजे हिने कधी हात लावलाच नव्हता.

१५ फेब्रुवारी
दुपारी भट्टी बंद केली, तशीच सोडून तिला आणायला गेलो. दारातच म्हटलं, "चुकलो."

"नीट म्हणा."

नीट म्हटलं. तरी मेव्हणा सोडेना! गप्पा मारतोय, माझा पाय थांबत नाही, डोळा घड्याळावर.

"भट्टी काही पळून जात नाही. बसा."

मुक्काम करावा लागला.

१६ फेब्रुवारी
झाकण हिनेच उचललं. बाराच्या बारा अखंड! एकेक वाजवून पाहिली, दोनदा.

"या वेळी काय वेगळं केलंत?"

काहीच नाही. काच तीच, माती तीच, अंश तेच.

१७ फेब्रुवारी
वही पुन्हा वाचली. गरम फरश्यांवर दर अर्ध्या तासाला थंड हवा मीच सोडत होतो. मागच्या कोपऱ्यापर्यंत ती पोचत नव्हती, एवढंच.

झरोका वीट बसवून मातीने लिंपला. वर कागद चिकटवला. सही हिची.