तीन वर्षं हिरवी टिक

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५. सकाळी ९.४०
आजपासून रोज लिहायचं.

पुढच्या सोमवारी दूध संघाचे लोक आमच्या बारामतीच्या ऑफिसात येणार. त्यांच्यासाठी केलेलं ॲप सेफ आहे, हे मी दाखवायचं. दाखवलं की आमचे मालक आप्पा मला सिक्युरिटी हेड करणार. तसं त्यांनी दोनदा सुचवलंय. एकदा मीच आठवण करून दिल्यावर.

काम अवघड नाही. आमचा कोड रोज एक स्कॅनर त्याच्या आतल्या नियमांनुसार तपासतो. चोराला शिरायला फट सापडली की लाल खूण, नाही तर हिरवी टिक. गेली तीन वर्षं रोज हिरवी टिक. याचं श्रेय कुणाला, ते स्वतःच्या तोंडानं सांगू नये. मला.

दुपारी ३.००
संघाचे चेअरमन रामहरीतात्या यांचा फोन. म्हणाले, तुमचं तपासायचं मशीन कुठलं हाय ते नको, त्यात नियम कुठलं हायती अन् त्यांचं व्हर्जन काय, तेवढं लिवून ठेवा. शेळगावच्या गोठ्यात बसून व्हर्जन विचारतात. मी म्हटलं, लगेच देतो.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
व्हर्जन बघायला पाच मिनिटं लागतात. पाच मिनिटांच्या कामासाठी अख्खी सकाळ कशाला घालवायची? हेडच्या केबिनला कुठला रंग द्यायचा ते ठरवलं.

रुक्सारनं विचारलं, सर, मी बघू का? इंदापूरची आहे, ऑगस्टमध्ये लागली. तिला समजावलं, स्कॅनर हा अनुभवाचा विषय आहे. ती मान हलवून गेली. मान जरा जास्तच हलवली.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
एका जागी बसवत नाही. चार चहा झाले. शेवटी व्हर्जन बघितलंच. स्कॅनर एकदम ताजा, गेल्याच महिन्यातला. उगाच घाबरलो होतो (घाबरलो नव्हतो).

रुक्सारला मुद्दाम दाखवलं. ती म्हणाली, सर, हे मशीनचं व्हर्जन झालं. आतले नियम वेगळे असतात, त्यांचं वेगळं बघावं लागतं. मला माहीत होतंच. विसरू नये म्हणून इथं लिहून ठेवतोय.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
प्रेझेंटेशन तयार. चोवीस स्लाइड. नियमांच्या व्हर्जनपुढं ‘अद्ययावत’ असं लिहिलं. अविराज, माझ्या शेजारच्या टेबलवरचा, म्हणतो तिथं आकडा पाहिजे. काही लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.

नियमांचं पान उद्या उघडायचं. नक्की.

रविवार, ९ नोव्हेंबर
काल उघडलं नाही. आज नरसिंहपूरला जाऊन आलो. संगमावर उभं राहिलं की मन शांत होतं म्हणतात. अर्धा तास उभा राहिलो. पाय दुखले.

सोमवार, १० नोव्हेंबर. दुपारी १.१५
तात्यांनी दोनच स्लाइड बघितल्या. मग म्हणाले, आमच्याकडं दुधाचं फॅट मोजायचं नवं मशीन आलं की आमी पयलं त्यात नुसतं पाणी घालून बघतो. पाण्याला फॅट दावलं की मशीन टेम्पोत घालून म्हागारी. तुमच्या मशीनमदी घाला की जरा पाणी.

आप्पा माझ्याकडं बघायला लागले. मी पंख्याकडं.

रुक्सारनं माझ्याच कॉम्प्युटरवर बसून मुद्दाम एक वाईट फाईल लिहिली. कुणीही यावं, न विचारता आत शिरावं, अशी. स्कॅनर चालवला. हिरवी टिक.

तात्या एवढंच म्हणाले, पाण्याला साडेचार फॅट.

मग तिनं नियमांचं पान उघडलं. एकूण नियम ३११. चालू ०. शेवटचा बदल २३ सप्टेंबर २०२२. बदल करणारा: विजयसिंह. म्हणजे मी.

तेव्हा आठवलं. त्या शुक्रवारी ॲप द्यायचंच होतं आणि लाल खुणा काही केल्या थांबेनात, म्हणून मी नियम आठ दिवसांपुरते बंद केले होते. ते आठ दिवस जरा लांबले.

मंगळवार, ११ नोव्हेंबर. संध्याकाळी ६.००
नवे नियम घातले, सगळे चालू केले. लाल खुणा १,१४६.

त्या मिटवायला तात्यांनी पंधरा दिवसांची मुदत दिली. अट एकच, तपासणी त्या पोरीकडं द्या. आप्पा लगेच हो म्हणाले. म्हणजे हेड रुक्सार. खोटं कशाला लिहू, जेवण गेलं नाही.

पण आपण मन मोठं ठेवावं. संघाच्या सर्व्हरचा पासवर्ड सगळ्या कंपनीत मला एकट्याला माहीत. त्यावाचून ती काय करणार? चांगल्या कागदावर लिहिला, घडी घातली आणि स्वतः तिच्या टेबलाशी गेलो.

ती म्हणाली, असू द्या सर, मिळाला. तुमच्या कोडच्या फाईलमधी चौथ्या ओळीत लिहिलेला हाय. पहिली लाल खूण त्याचीच.