रिसीव्हर जागेवरच होता

इंदूर,
रविवार, ता. ९ जानेवारी १९९४

चि. सौ. धम्मदीना हिस,
रत्नपालदादाचा सप्रेम जय भीम.

आम्ही बरे आहोत. मंजुळा परवा महूहून परत आली, तिने बाबांची तब्येत सांगितली. पेज चमच्याने घेतात, उजवा हात अजून उचलत नाहीत, बोलण्याचं डॉक्टर नक्की काही सांगत नाहीत. तिच्या हाती दिलेले पेरू तू ठेवून घेतलेस, एवढ्यावरही मला बरं वाटलं. एकेक दाबून निवडले होते.

इकडे थंडी कडक आहे. मिलच्या फाटकावरचं कुलूप आता गंजलंय. आमच्यातले काही जण अजून सकाळी डबा घेऊन तिथे जाऊन बसतात. घरात बसवत नाही बिचाऱ्यांना. मी जात नाही. मला मल्हारगंजच्या कापडवाल्या शेठजींचं काम आहे. ते काम मी कसं करतो हे तू कधी विचारलं नाहीस, आणि मी मात्र बाकी सगळ्यांना न विचारता ऐकवत आलो. आज तुला सांगतो, कारण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. कंटाळू नकोस.

शेठजींच्या दुकानात मोठा कॉम्प्युटर आहे. माझ्या घरी लहान, एका ऑफिसने मोडीत काढलेला, मीच उघडून सुधारलेला. दोघांच्या मधे टेलिफोनची लाईन. मॉडेम नावाची एक डबी फोन लावते, आणि टर्मिनलचा प्रोग्राम चालू केला की माझा पडदा म्हणजे दुकानातलाच पडदा. कुठल्या गठ्ठ्यात किती माल, सगळं घरी बसून दिसतं. या प्रोग्रामची खुबी अशी की तो पडद्यामागे जाऊन बसतो. दोन बटणं एकत्र दाबली की मागे, पुन्हा दाबली की पुढे. मागे राहून तो दुकानाचा हिशेब उतरवून घेतो आणि पुढे मी टायपिंग करतो. एका वेळी एकच काम करणाऱ्या मशीनकडून मी दोन करून घेत होतो. हे मला कुणी शिकवलं नाही.

बाबांना झटका आला त्या गुरुवारी दुपारी शेजारचे चिंतामणजी आले होते. मी त्यांना मुद्दाम बसवून घेतलं.

"देखो चिंतामणजी, सामने क्या दिख रहा है?"

"चिट्ठी."

"और पीछे मल्हारगंज चल रहा है."

"वा भिया! ड्राइवर भी तुम, कंडक्टर भी तुम!"

मला फार आवडलं ते. ते गेले तेव्हा काम उतरून झालं होतं. मी दोन बटणं दाबली, प्रोग्राम मागे गेला, पडदा साफ झाला. मला वाटलं, संपलं.

दीना, ते संपलं नव्हतं. मागे गेलेला प्रोग्राम लाईन सोडत नाही. लाईन सोड म्हणून त्याला वेगळं सांगावं लागतं. रोज काम झालं की मी मशीनच बंद करायचो, त्यात लाईन आपोआप सुटायची, म्हणून हे कधी उघडं पडलं नाही. त्या दिवशी मशीन तसंच चालू ठेवून मी 'रत्नपाल कॉम्प्युटर क्लास'ची पाटी करत बसलो. अक्षरांमधलं अंतर मनासारखं बसेना. डबीची किरकिर मंजुळाला नको म्हणून तिचा आवाज मीच बंद केलेला, आणि डबी टेबलाखाली. पुस्तिकेत हे सगळं स्वच्छ लिहिलं आहे. ती मी आता वाचली. पुस्तिका बघून काम करणाऱ्यांना मी हसत आलो.

मी पाटी करत होतो तेव्हा तू महूच्या बाजारात पीसीओत उभी होतीस. बाबांचं तोंड वाकडं झालेलं, तुझ्या अश्वजितरावांनी जीप दारात आणलेली. तरी जीप हलली नाही. कारण बाबांना कुठेही न्यायचं तर आधी मला विचारायचं, हा नियम माझा. विचारायला तू फोन लावत राहिलीस, आणि दर वेळी एंगेज.

संध्याकाळी मंजुळाने माहेरी लावायला म्हणून फोन उचलला. "अहो, शेगडीवर पाणी सांडल्यासारखं काय वाजतंय यात?" मी टेबलाखाली वाकलो. डबीचा लाल दिवा चालू होता. वायर उपसली, आणि लगेच घंटा वाजली. अश्वजितराव होते. "दादा, शेवटी न विचारताच निघालो. इंदूरच्या दवाखान्यात आहोत. या."

व्हरांड्यात तू सर्वांसमोर मला विचारलंस, "दादा, रिसीव्हर काढून ठेवला होतास ना?"

तुला तसं वाटणारच. आठच दिवसांपूर्वी तू फोनवर म्हणाली होतीस, "दादा, बाबांना थोडे दिवस तुझ्याकडे ने." मी म्हटलं होतं, खाट टाकायला कॉम्प्युटरचीच खोली आहे, आणि बिडीचा धूर मशीनला चालत नाही. "का रे, डब्याला खोकला होतो का?" असं तू म्हणालीस आणि मी फोन आपटला होता.

म्हणून मी म्हटलं, "हो. राग होता."

खोटं बोललो. मला माझंच मशीन कळलं नव्हतं, हे अश्वजितरावांसमोर माझ्या तोंडून निघेना. तुम्ही मला दुष्ट म्हटलेलं चाललं असतं, अडाणी म्हटलेलं चाललं नसतं. असा मी आहे. तेवढ्यात सिस्टर पडदा सारून बाहेर आली आणि मला आत दिसलं. बाबा जागे होते. माझ्याकडे बघून त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

महूच्या कँटीनमध्ये ते जुन्या फौजी दोस्तांना सांगायचे, "आमच्या रत्नपालला कुणी शिकवलं नाही, सगळं आपलं आपण." तुला ठाऊक आहे.

दवाखान्यातून बाबांना महूला परत नेताना तू मला येऊ नकोस म्हणालीस, मी येत नाही. एकच कर. इथवरचं सगळं त्यांना वाचून दाखव. डाव्या कानाशी वाच, उजवा तोफांनी नेला आहे. चिंतामणजींचं बोलणंसुद्धा गाळू नकोस. ऐकून त्यांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं, तर तसंच कळव. माझ्यासाठी गोड करून लिहू नकोस.

टेबल मी मागच्या पडवीत नेलं आहे. खोलीत खाट मावते, उशाशी बिडीची थाळी ठेवायला जागा उरते. मोजून पाहिलं.

मॉडेमची वायर आता काम झालं की हाताने उपसतो आणि रिसीव्हर कानाला लावून बघतो. लाईन मोकळी असते.

ज्याने रिसीव्हर काढला नव्हता, तो तुझा अडाणी दादा,
रत्नपाल