‘यल्ला’ या शब्दाचा खरा अर्थ

मी, शरफुन्निसा युनूस परकार, वय चौऱ्याहत्तर, मूळ गाव गुहागर तालुक्यात खाडीकाठी, नागरिकत्व कॅनडाचं, सध्या मुक्काम सौदी अरेबियात हुफूफ, भावाचा मुलगा जलाल याच्या घरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहिते. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. डोकं ठिकाणावर आहे. डॉ. दर्शना यांनी काल खात्रीसाठी मला शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. त्या तिसऱ्या वजाबाकीलाच ‘पुरे’ म्हणाल्या. मी दोनपर्यंत जाऊन थांबले. शरीर मात्र ठिकाणावर नाही. स्वादुपिंडाचं दुखणं आहे आणि ते रमजानपर्यंत वाट बघणार नाही.

मालमत्तेपुरता अरबी तर्जुमा वकिलाकडे आहे. ही पूर्ण प्रत मराठीत आहे, कारण जिच्यासाठी ती लिहिली ती नूरैन गावच्या मराठी शाळेत शिकली आहे. दुसरं कारण असं, की मी जे खोटं बोलले ते इंग्रजीत बोलले होते.

कलम १. मृत्युपत्र दफनानंतर उघडतात. हे दफनाआधी उघडावं. मय्यत घरात असताना, गुस्ल म्हणजे शेवटची आंघोळ झाल्यावर, जलालनं हा लिफाफा नूरैनच्या हातात द्यावा. तिनं आतल्या खोलीत बसून एकटीनं वाचावा. जलालनं मोठ्यानं वाचून दाखवू नये. त्याला वाचताना समजावून सांगायची खोड आहे. तिचं वाचून होईपर्यंत कोणी घाई करू नये. मी आयुष्यात कोणाला थांबू दिलं नाही. त्या दिवशी मीच थांबेन.

कलम २. मला इथेच, हुफूफमध्ये पुरावं. गावी नेऊ नये, कॅनडात तर नाहीच. इथे कबरीवर नाव घालत नाहीत, ते बरं आहे. माझं नाव चाळीस वर्षं कोणी नीट छापलं नाही. रेकॉर्डच्या कव्हरवर मी ‘शेरी’ आहे. बुकिंग ऑफिसातला पहिला साहेब म्हणाला होता, ‘तुझं नाव पोस्टरच्या एका ओळीत मावत नाही.’ मी म्हटलं, ‘मी पोस्टरवर नाचणार नाही, हिशेबाच्या खोलीत बसणार आहे.’ तरी त्यानं ‘शेरी’च केलं.

कलम ३. मालमत्ता. हॅमिल्टनचं घर विकलं आहे. पैसे बँकेत आहेत. आकडा वकिलाला माहीत आहे, बाकीच्यांनी चौकशी करू नये. मला मूलबाळ नाही, यजमान १९९६ मध्ये वारले. शरियतप्रमाणे दोन तृतीयांश जलालला, तो वारस आहे. उरलेला तृतीयांश, जो मला माझ्या मर्जीनं देता येतो, तो सगळा नूरैन इमाद वाडकर हिला. नूरैन ही हाशम होडेकर याची मुलगी. ही भरपाई नाही. तिनं घेतला नाही तर गावच्या शाळेला द्यावा, पण तिच्यावर जबरदस्ती करू नये.

हे पैसे कसे आले ते लिहिते, नाहीतर गावात काहीतरी भलतंच पिकेल. मी १९७२ ची बी.ए. लग्न होऊन टोरांटोला गेले. यजमान कागदाच्या गिरणीत, मी संगीताचे कार्यक्रम ठरवणाऱ्या ऑफिसात टायपिस्ट. १९८१ पासून ‘आयर्न पोर्टेज’ या रॉक बँडची टूर मॅनेजर. खाणीच्या गावातली चार मुलं. त्यांना वाजवता येत होतं, वेळ पाळता येत नव्हती. गाणारा तिकिटं हरवायचा, ड्रमर दारू प्यायचा, गिटारवाला गॉर्डी ल्यूटन रुसायचा. मला गाण्यातलं काही कळत नव्हतं आणि अजूनही कळत नाही. मला रस्ता कळायचा. कॅनडात दोन शहरांमध्ये सातशे किलोमीटर झाडं आणि बर्फ असतं. त्या देशात बँड टिकतो तो आवाजावर नाही, ट्रक वेळेवर पोचण्यावर. दोन हजार आठशे कार्यक्रम केले, एकही रद्द केला नाही. त्यांनी निरोपाचा दौरा तीन वेळा केला. तिन्ही वेळा निरोपाची पाटी मीच छापून घेतली.

बँडला मोठा सन्मान मिळाला तेव्हा गाणाऱ्यानं माइकवर मला ‘आमची आई’ म्हटलं. लोक रडले. मी कोणाची आई नव्हते, मॅनेजर होते. ते त्यानं मागे घेतलेलं नाही. मीही विसरलेले नाही.

कलम ४. वस्तू. डोक्याला बांधायची बॅटरी, लेबलं छापायचं यंत्र आणि काळ्या चिकटपट्टीची उरलेली सात रिळं तुकारामला. तो इथल्या कामगारांच्या कॅम्पमध्ये इलेक्ट्रिशियन आहे, त्याला कळतील. गॉर्डीनं दिलेली गिटार जलालच्या मुलीला, उझमाला. ती मला विचारते, ‘फुफी, वेअर यू फेमस?’ मी सांगते, ‘नाही, मी वेळेवर होते.’ तिनंही व्हावं. एकतीस डायऱ्या जाळून टाकाव्यात. फक्त १९८९ ची ठेवावी. ती या लिफाफ्यासोबत आहे.

कलम ५. हाशम.

हाशम आमच्या वाडीतला. इथे सौदीत, रास तनुराच्या तेलकंपनीच्या कॅम्पमध्ये सहा वर्षं इलेक्ट्रिशियन होता. १९८६ मध्ये मी त्याला कॅनडात आणला, बँडच्या दिव्यांसाठी. माझ्याहून आठ वर्षांनी लहान, मला आपा म्हणायचा. हात सोन्यासारखा. दारूला शिवला नाही. शुक्रवारी नमाजासाठी ट्रकच्या मागे सतरंजी अंथरायचा, तेव्हा ड्रमर त्याच्यासाठी शांत बसायचा. ड्रमर दुसऱ्या कोणासाठी कधी शांत बसला नाही.

स्टेजवर आमच्या दोघांच्या कानात वायरलेस असायचा. बाकीच्यांना कळू नये म्हणून आम्ही मराठीत बोलायचो, आणि हुकमाला त्याचे कॅम्पमधले दोन अरबी शब्द. दिवे चालू कर, पुढे चल, निघ – यल्ला. बंद कर, थांब – खलास. तीन वर्षांत आमची एकदाही चूक झाली नाही. हे मी मुद्दाम लिहिते.

९ फेब्रुवारी १९८९. बँड विमानानं विनिपेगला पोचला होता. सामानाचा ट्रक हाशम थंडर बेहून एकटा आणत होता. दुसरा ड्रायव्हर तापानं पडला होता. दुपारी पावणेचारला त्यानं एका पेट्रोल पंपावरून हॉटेलात फोन केला.

‘आपा, समोरचा काय दिसत नाय. निस्ता पांढरा. पंपवाला म्हणतोय हितंच रहा. आज खलास करू?’

मी विचारलं, ‘किती राहिलं?’

‘तीनशे असतील.’

‘उद्या अकरा हजार माणसं येणार आहेत, हाशम.’

‘माणसं काय, येतील. मी पोचायला नको?’ आणि तो हसला. तो नेहमी हसायचा.

मी म्हटलं, ‘यल्ला.’

तो म्हणाला, ‘बरं आपा.’ एवढंच संभाषण. डायरीत वेळ आहे: ३.४६.

पन्नास किलोमीटरवर रस्त्याकडेला थांबलेल्या, लाकडं वाहणाऱ्या गाडीवर त्याचा ट्रक मागून आदळला. वय तीस. गावी बायको, एक वर्षाची नूरैन, तिला त्यानं फक्त फोटोत बघितलेली.

दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम दुसऱ्या बँडकडून मागून आणलेल्या सामानावर झाला. आठ वाजून दोन मिनिटांनी सुरू. म्हणजे तो ट्रक त्या दिवशी यायची गरजच नव्हती. हे वाक्य मी छत्तीस वर्षांत कोणाला सांगितलेलं नाही.

कलम ६. खोटं.

चौकशी झाली. फोन आला तेव्हा गॉर्डी माझ्याच खोलीत पलंगावर बसून गिटारच्या तारा बदलत होता. त्यानं जे ऐकलं ते प्रामाणिकपणे सांगितलं: शेवटी शेरी एकच शब्द बोलली, ‘यल्ला’. अधिकाऱ्यानं मला विचारलं, ‘या शब्दाचा अर्थ काय?’

त्या खोलीत सात माणसं होती. एकालाही माहीत नव्हतं.

मी म्हटलं, ‘थांब. पुरे. असा अर्थ होतो.’

अधिकाऱ्यानं ते लिहून घेतलं. वर म्हणाला, ‘तुम्ही योग्य तेच केलंत, मॅडम.’ कागदावर आलं, की ड्रायव्हरनं थांबण्याचा स्पष्ट हुकूम मोडला. त्या एका ओळीनं त्याच्या घरच्यांचा विमा गेला. ती ओळ गावात पोचेपर्यंत वाढत गेली: ऐकलं नाही, मग मस्तीत होता, मग प्यालेला होता. बँडवाल्यांत राहून बाटला, म्हणाले. नूरैनची दोन स्थळं ‘दारुड्याची पोर’ म्हणून परत गेली. मी दर ईदला कापड पाठवत होते. कापड.

कलम ७. २०२२ मध्ये बँड तिसऱ्या निरोपाच्या दौऱ्यात इथे सौदीत आला. आता इथे असे कार्यक्रम होतात. गॉर्डी सत्तरीचा, दोन्ही कानांत यंत्र. दम्मामच्या विमानतळावर कार्यक्रमवाल्यांचा माणूस टाळ्या वाजवत ओरडला, ‘यल्ला, यल्ला!’ आणि सगळे बॅगा उचलून बसकडे चालू लागले. हमाल, पोलीस, बायका, पोरं. गॉर्डी एकटा जागेवर उभा राहिला.

‘शेरी,’ तो म्हणाला, ‘या शब्दाचा अर्थ थांब असा आहे ना?’

मी हातातले पासपोर्ट मोजायला लागले. तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं स्वतःची बॅग स्वतः उचलली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. कार्यक्रम त्यानं नीट वाजवला. माझ्याशी बोलला नाही. कॅनडात परतल्यावर त्यानं वकिलासमोर पूर्ण जबाब लिहून पाठवला आणि खाली एक ओळ: ‘हा तू वापर, नाहीतर मी वापरीन.’ तो जबाब सोबत जोडला आहे. गॉर्डीबद्दल मी आयुष्यभर तक्रारी केल्या. त्या सगळ्या या कलमानं रद्द समजाव्यात.

मी बँडबरोबर परत गेले नाही. जलालनं आपल्या कफीलकडे, म्हणजे इथल्या मालकाकडे, नूरैनच्या नवऱ्याला, इमादला, काम मिळवून दिलं होतं, म्हणून नूरैन हुफूफमध्ये आहे हे मला ठाऊक होतं. तिला सांगायचं म्हणून थांबले. तीन वर्षं झाली. दर तीन महिन्यांनी व्हिसासाठी बहारीनचा पूल ओलांडून जाते आणि परत येते. प्रत्येक वेळी ठरवते, या खेपेला सांगेन. सकाळी सहाला खाली शाळेची बस येते आणि ड्रायव्हर ओरडतो तो तोच शब्द. भाजीवाला, दवाखान्यातला शिपाई, उझमा. नूरैन गोळ्या घेऊन येते आणि म्हणते, ‘यल्ला खाला, तोंड उघडा.’ मी उघडते.

गेल्या महिन्यात ती माझ्या पायांना तेल लावत होती. म्हणाली, ‘खाला, एक विचारू? अब्बा तुमचं ऐकत नसत का?’

मी म्हटलं, ‘ऐकायचा.’

‘मग त्याच दिवशी कसं नाही ऐकलं? अम्मी मरेपर्यंत तेच म्हणायची. तुम्हाला किती जड गेलं असेल. त्यांच्या वतीनं मी तुमची माफी मागते.’

तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हटलं, ‘तेल पुरे.’

कलम ८. तर नूरैन, तुझ्या बापानं त्या दिवशीही ऐकलं. म्हणूनच तो मेला. तो प्यालेला नव्हता, मस्तीत नव्हता, त्यानं हुकूम मोडला नाही. थांबू का म्हणून त्यानं विचारलं होतं. ‘चल’ मी म्हटलं.

हे मृत्युपत्र, डायरी आणि गॉर्डीचा जबाब यांच्या प्रती जलालनं गावच्या मशिदीच्या जमातीला पाठवाव्यात. तिथे शुक्रवारच्या नमाजानंतर हे कलम जसंच्या तसं वाचावं, हाशमचं पूर्ण नाव घेऊन. माझंही. ‘शेरी’ नाही, शरफुन्निसा. माझी लाज वाटून कोणी शब्द गाळला तर त्याला माझ्याकडून काही मिळणार नाही. वकिलाला तसं लिहून दिलं आहे.

जिवंतपणी सांगितलं नाही, कारण तू माफ केलं असतंस. आजारी बाईसमोर, हातात तेलाची वाटी असताना, दुसरं काय बोलली असतीस? तशी माफी मला नको. आणि खरं कारणही लिहिते: मी भ्याले.

कलम ९. मय्यत उचलण्याआधी आपल्याकडे विचारतात, मरणाऱ्यावर कोणाचा हक्क राहिला असेल तर सांगा, नाहीतर माफ करा. जलालनं तसं विचारावं. बाकीचे सवयीनं ‘माफ, माफ’ म्हणतील. नूरैनकडे कोणी बघू नये. तिला कोणी खुणावू नये, कोपरानं ढोसू नये, ‘मेलेल्याचं वाईट बोलू नये’ हे ऐकवू नये. तिला बोलायचं असेल तर ती बोलेल. गप्प राहिली तर ते उत्तर समजावं आणि मला तसंच न्यावं.

खांदा देताना इथली माणसं एक शब्द म्हणतात. तो म्हणू द्यावा. त्याचा अर्थ ‘चला’ असाच आहे.

यापूर्वी लिहिलेली सगळी मृत्युपत्रं रद्द. वरचा सर्व मजकूर मी लिहिला, वाचला आणि मला मान्य आहे.

सही: शरफुन्निसा युनूस परकार

साक्षीदार:
१. डॉ. दर्शना सामंत. लिहिणारी पूर्ण शुद्धीत असल्याची खात्री केली.
२. तुकाराम धोंडीराम परब, इलेक्ट्रिशियन. याला मराठी वाचता येतं, म्हणून मजकूर झाकून सही घेतली. ‘मावशी, कशावर सही करतोय तेवढं तरी सांगा,’ असं त्यानं विचारलं. ‘मी जिवंत आहे यावर,’ असं त्याला सांगितलं.

ठिकाण: हुफूफ, अल-अहसा
तारीख: २० नोव्हेंबर २०२५, दुपारी ३.४६