कोबीचा वास

आई,

बॉस्टनहून तुझ्या फिन्टनचा नमस्कार. मी धडधाकट आहे, गोदीवर बरं काम मिळतंय. बाबांचा खोकला थांबला का?

सेंट पॅट्रिकच्या सणाला मी स्वतः रांधलं. आपल्याकडचं खारं डुकराचं मांस इथं महाग, म्हणून इथले आपले लोक खारवलेलं गोमांस घेतात. ते मंद आचेवर मऊ होऊ दिलं, त्याच पाण्यात बटाटे, गाजरं आणि शेवटी कोबी टाकला. वास जिन्याने खाली उतरला आणि घरमालकीण टूमीबाई धावत वर आल्या.

"खिडकी लाव आधी! शेजारी काय म्हणतील?"

"काय म्हणणार? इथं आयरिश राहतात, एवढंच ना?"

"तेच नकोय मला! चार भल्या लोकांत राहतो आपण."

बाई आपल्याच मेयो परगण्यातल्या, कोबीवरच वाढलेल्या! मी विचारलं, "लहानपणी तुम्ही काय गुलाबाची फुलं खायचात?"

त्या भडकल्या. "एक तर ते पातेलं बाहेर जाईल, नाहीतर तू!"

"दोघंही जातो," म्हटलं.

पुढच्या दाराच्या पायरीवर बसून जेवलो, येणाऱ्याजाणाऱ्यालाही वाढलं. मांस लोण्यासारखं झालं होतं, आई.

आता माझ्याबरोबर काम करणाऱ्या कॉलमच्या खोलीत जमिनीवर निजतो. जरा गारठा लागतो, पण तुझा स्वेटर आहे. परत ये म्हणून मात्र लिहू नकोस. रविवारी पुन्हा कोबी शिजवणार आहे, आणि या खोलीची खिडकी भर रस्त्यावर उघडते.

तुझा हेकट लेक,
फिन्टन