कागद शाबूत आहे

मंगळवार, १ डिसेंबर १९३१

नव्या जागी पोचलो. माझं नाव कोबिना, म्हणजे मंगळवारी जन्मलेला, आणि नोकरीही मंगळवारीच सुरू झाली. शकुन चांगला म्हणायचा. विन्नेबाहून लॉरीत बसलो तेव्हा माझ्या मांडीवर पत्र्याची पेटी होती आणि शेजारणीच्या मांडीवर दोन कोंबड्या. सॉल्टपॉण्डला उतरेपर्यंत कोंबड्या माझ्या मांडीवर आल्या होत्या आणि पेटीवर तिचे पाय. तरी शाईची बाटली फुटली नाही.

मालकांचं नाव गाउडेन्झ काफ्लिश, वय पासष्ट. आर्किटेक्ट. बेचाळीस वर्षांपूर्वी स्वित्झर्लंडच्या डोंगरातून आले आणि इथलेच झाले. या किनाऱ्यावर त्यांनी बांधलेल्या इमारती मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत. सगळं गाव त्यांना पापा म्हणतं. आता डोळे गेले आहेत. खिडकी कुठल्या बाजूला आहे एवढंच कळतं. त्यांना आपलं आयुष्य आणि आपली कामं लिहून ठेवायची आहेत. ते सांगणार, मी उतरवणार, मग सुवाच्य प्रत करणार.

माझी शाळा चौथीत सुटली, हे मी आधीच सांगून टाकलं. पापांनी पाच अवघड शब्द घातले. मी पाचही शब्दांची अक्षरं फोडून बिनचूक सांगितली. ते हसून म्हणाले, आजपासून तू मास्तर.

स्वयंपाकघर एफुआ सांभाळते. साठीची आहे. सगळे तिला एना, म्हणजे आई, म्हणतात. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून तिने विचारलं, तुझ्या घरी पोरांना जेवायला घालतात, की नुसतं दोरीवर वाळत घालतात? मग तिने मक्याच्या आंबवलेल्या पिठाचा गरम डोकोनो, तळलेला मासा आणि वाटलेली मिरची पुढे केली. मिरची अशी, की त्यानंतर पापा काय बोलले ते मला ऐकूच आलं नाही.

खोलीत टेबल आहे, खिडकी आहे, सहा नवी निबं आहेत. ती लहानमोठी लावून ठेवली.

आणखी एक काम आहे. घराच्या भिंती मातीच्या, दोन हात जाड, वर चुन्याचा गिलावा. उत्तरेचं कोरडं धूळवारं सुटलं की त्यांना चिरा पडतात. पापांनी प्रत्येक चिरेवर कागदाची आडवी पट्टी डकवून घेतली आहे, तिच्यावर तारीख. भिंत हलली तर पट्टी फाटते. शाबूत असेल तर भिंत जागच्या जागी आहे. अशा सतरा पट्ट्या आहेत. रोज सकाळी नऊला मी फिरून बघायचं आणि पापांना सांगायचं.

शुक्रवार, ४ डिसेंबर

पट्ट्या सतराही शाबूत. तसं सांगितलं.

आज पापांच्या पहिल्या इमारतीचा मजकूर झाला. तेविसाव्या वर्षी त्यांनी इथे एक वखार बांधली, तिला आपल्या गावासारखं उभ्या उताराचं छप्पर घातलं, बर्फ घसरून पडावं म्हणून. गावातला म्हातारा गवंडी रोज येऊन वर बघायचा आणि निघून जायचा. आठव्या दिवशी त्याने विचारलं, साहेब, आभाळातून नक्की काय पडणार आहे, ते आम्हालाही सांगून ठेवा, आम्ही पोरं घरात घेतो. पापा म्हणाले, माझं खरं शिक्षण त्या दिवशी सुरू झालं, मास्तर, हे वाक्य जसंच्या तसं घाल. पुढे त्याच गवंड्याकडून ते मातीची भिंत शिकले: एक थर रचायचा, तो पुरता वाळू द्यायचा, मगच दुसरा. घाई केली की भिंत लक्षात ठेवते.

स्वयंपाकघरातून एना ओरडली, की भिंतीचं राहू द्या, सूप निवतंय आणि तेही लक्षात ठेवीन मी.

इतकं समाधान मला कुठल्याच नोकरीत मिळालं नव्हतं.

बुधवार, ९ डिसेंबर

पट्ट्या शाबूत. कोर्टाची इमारत, दोन चर्चं आणि बंदरावरची कचेरी उतरवून झाली. एकवीस पानं, एकही खाडाखोड नाही. पापांनी बोटांनी कागद चाचपला आणि म्हणाले, तुझं अक्षर मला हाताला लागतं. उद्यापासून शाळांचं प्रकरण.

शनिवार, १२ डिसेंबर

दोन दिवस लिहिलं नाही. आता सगळं क्रमाने लिहितो.

परवा पापांनी प्रकरणाचं नाव सांगितलं: एन्टुआसीची शाळा, १९२१.

मी एन्टुआसीच्या शाळेत होतो. चौथीत. माझी शाळा सुटली नाही, ती पडली. नऊ मुलं गेली. शाळा बांधणाऱ्याला आम्ही नुसतं छत्रीवाले साहेब म्हणायचो. नाव कधी कानावर आलं नव्हतं.

पापांनी सांगितलं ते असं. उत्तरेच्या भिंतीला चीर दिसली म्हणून त्यांच्या मुकादमाने ३ जानेवारीला पट्टी डकवली, तारीख घातली आणि तो दुसऱ्या कामावर गेला. १२ तारखेला पापा स्वतः बघायला आले. पट्टी शाबूत होती. त्यांनी हेडमास्तरांना सांगितलं, वर्ग भरू द्या. १४ तारखेला, शुक्रवारी, भिंत आत आली. चौकशीत पापांनी ढिगाऱ्यातून उचललेली पट्टी पुढे ठेवली. चौकशीवाले म्हणाले, हा तर मुलांच्या वहीचा रेघांचा कागद आहे. भिंत पडल्यावर तुम्हीच घाईघाईने बनवलात. त्यानंतर त्यांना कुणी एक इमारतही बांधायला दिली नाही.

ती पट्टी त्यांच्याकडे अजून आहे. डबी उघडून त्यांनी माझ्या हातात दिली.

ती मी बनवली होती. ११ जानेवारीला. मी वर्गाचा मॉनिटर होतो, झाडलोट माझ्याकडे असे. दुसऱ्या दिवशी साहेब येणार म्हणून हेडमास्तरांनी बजावलं होतं, की कुठे घाण दिसली तर वेताने सोलून काढीन. भिंतीवरचा कागद मधोमध फाटला होता. मला वाटलं, पोरांनीच फाडला. मी वहीचं शेवटचं पान काढलं, फूटपट्टीने सरळ कापलं, तारीख आणि मुकादमाची सही हुबेहूब उतरवली, कसावा कंदाच्या खळीने डकवलं. हेडमास्तरांनी पाठ थोपटली. शुक्रवारी मी घंटा द्यायला बाहेर गेलो होतो, म्हणून आहे.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. कागदावरही आज पहिल्यांदाच.

पापा सांगत होते तेव्हा एना दारात शेंगा सोलत बसली होती. ती म्हणाली, माझ्या लेकीची लेक त्या खोलीत होती, आराबा, सात वर्षांची. मी या माणसाला शिव्याशाप द्यायलाच इथे आले होते. तर हा चुलीपुढे बसून भात करपवत होता आणि रडत होता. शिव्या राहिल्या बाजूला, पळी हातात घेतली, ती अजून हातात आहे. मग मला म्हणाली, तू का रे पांढरा पडलास? वाऱ्याने ओठ फुटलेत, लोणी लाव.

मंगळवार, १५ डिसेंबर

पट्ट्या शाबूत.

आज पापांनी प्रकरणाचा शेवट सांगितला. ते म्हणाले, दहा वर्षं मी म्हणत आलो, की कागद शाबूत होता. पण तेव्हाही माझे डोळे अधू होत होते. मला तो शाबूत हवा होता म्हणून तसा दिसला असेल. लिही, मास्तर: चूक माझी. नऊ मुलांचा जीव माझ्यामुळे गेला. हे पुस्तकात राहू दे आणि मला मोकळं होऊ दे.

मी लिहिलं. अक्षर नेहमीसारखं सुबक आलं. पापांनी बोट टेकवून सहीची जागा विचारली आणि सही केली.

संध्याकाळच्या आत सांगायचं ठरवलं होतं. सांगितलं नाही.

गुरुवार, १७ डिसेंबर

दिवाणखान्याच्या उत्तरेच्या भिंतीवरची पट्टी फाटली होती. मधोमध. खळ आणायला गेलो. परत आलो तर शाबूत.

जवळ जाऊन पाहिलं. कागद रेघांचा आहे. खळ ओली होती.

पापांनी विचारलं. मी म्हणालो, शाबूत.

शनिवार, १९ डिसेंबर

आता तीन पट्ट्या रेघांच्या आहेत. तिन्हींवर तारीख ३ जानेवारी १९२१. अक्षर माझं, पण आत्ताचं नव्हे, शाळेत बाकावर बसून लिहायचो तेव्हाचं. खळीत बोटांचे ठसे आहेत. माझं बोट लावून पाहिलं. ठसे निम्मे आहेत.

एना म्हणाली, अरे कारकुना, तुला पुस्तक लिहायला ठेवलाय की घराला ठिगळं लावायला? मी म्हणालो, मी लावत नाही. ती म्हणाली, मग काय समुद्रातून कुणी येऊन लावतं? हात बघ तुझे.

बघितले. नखांत खळ होती.

सोमवार, २१ डिसेंबर

मोजल्या. चौतीस. जिथे चीर नव्हती तिथेही आहेत.

एक सोलून पाहिली. खाली चीर. बोट गेलं, मग तळहात गेला. आत थंड होतं. आत पुष्कळ जणांनी एकदम श्वास धरून ठेवल्यासारखं काहीतरी होतं, गुरुजी वर्गात येतात तेव्हा पोरं धरतात तसं. हात काढून घेतला. पाणी प्यायला गेलो, परतलो, तर तिथे नवी पट्टी. अगदी सरळ कापलेली.

पापांना सांगायला गेलो. पापा, भिंत— एवढंच आलं. त्यांनी विचारलं, कागद कसा आहे? तोंडातून आपोआप निघालं, शाबूत.

मंगळवार, २२ डिसेंबर

तोंडाने जमत नाही म्हणून लिहायचं ठरवलं. पुस्तकाच्या प्रतीत, पापांच्या सहीच्या वरच. पापांची चूक नाही. कागद मी बदलला. कोबिना एशुन, वर्ग चौथा. संपूर्ण, स्वच्छ लिहिलं. एनाला वाचता येत नाही, पण पोस्टमास्तरांकडून वाचून घेईल, म्हणून तिच्या टोपलीत ठेवणार होतो.

जेवून आलो. त्या ओळींवर रेघांची पट्टी डकवलेली. चारही कडा बसवलेल्या. खरवडली तर खालचं पान फाटलं, माझा मजकूरही गेला. पुन्हा लिहिलं. अर्ध्या तासाने पुन्हा पट्टी.

माझ्याशिवाय खोलीत कुणी आलं नव्हतं.

बुधवार, २३ डिसेंबर

पट्ट्या मोजत नाही.

उत्तरेची भिंत फुगली आहे. गरोदर बाईच्या पोटासारखी— गिलाव्यावर हात ठेवला तर आतून ढकलल्यासारखं— पण वर सगळे कागद ताठ, नवेकोरे, शाबूत.

पापांना म्हटलं, व्हरांड्यात बसू या. ते म्हणाले, धुळीने खोकला येतो. एनाला म्हटलं, तिकडे बसू नकोस. ती म्हणाली, का? कागद धड आहेत ना? तूच सांगतोस ना रोज?

मीच सांगतो.

पट्टी या वहीतही आली आहे. १२ तारखेच्या पानावर. जिथे मी— तिथे आता रेघांचा कागद आहे. उजेडासमोर धरला तर खालचं अजून वाचता येतं. अजून.

गुरुवार, २४ डिसेंबर. सकाळ, नऊ वाजून गेले

दिवाणखान्याच्या दारात उभा आहे. वही चौकटीवर टेकवून लिहितो आहे. पापा खुर्चीत, भिंतीला पाठ लावून. त्यांच्या पायाशी एना शेंगा सोलते आहे. उद्याच्या सणाचं काहीतरी बोलताहेत, हसताहेत. ती म्हणते आहे, यंदा तरी भात तुम्ही शिजवू नका.

भिंत हलते आहे. माती पडते आहे, एनाच्या खांद्यावर, तिने झटकली—

पापांनी विचारलं, मास्तर, कागद कसा आहे?

फाटला. फाटला म्हणायचं. एवढंच. एना, ऊठ, म्हणायचं. आराबाचं मग सांगेन, आधी ऊठ म्हणायचं—

पुन्हा विचारलं. कागद कसा आहे?

तोंड उघडलं आहे. शब्द आहे, जिभेवर आहे. सांगतो. वही ठेवली की लगेच सांगतो. मी तोच शब्द पुन्हा नाही म्हणणार, नाही—

तिसऱ्यांदा. एना माझ्याकडे बघते आहे. भिंतीकडे नाही, माझ्याकडे.

ओरडतो. आत्ता. फक्त या पानाच्या वरची तारीख जरा वाकडी पडली आहे, तेवढी सरळ करून—